कॅलिग्रामाचा पंख: चित्रणाच्या नोंदी

4 जानेवारी

आजपासून कॅलिग्रामा. जीवाश्म कीटकांच्या तक्त्यांमधलं हे पाचवं चित्र. पहिला तक्ता हातात घेतला तेव्हापासून मी वाट बघत होते ती याचीच. ज्युरासिक काळातला, जाळीपंखी गणातला, कधीच नामशेष झालेला कीटक. दोन आकृत्या करायच्या: वरून दिसणारा पूर्ण कीटक, आणि शेजारी फक्त उजवा पुढचा पंख, सगळ्या शिरांसकट. काळी शाई, पांढरा कागद, सावलीसाठी फक्त ठिपके.

नियम आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोह झाला की या पानावर परत येता येईल. सलग रेघ म्हणजे दगडात दिसतं. तुटक रेघ म्हणजे जवळच्या नातेवाइकांवरून घेतलं. या दोन्हींत न बसणारं काहीही काढायचं नाही.

5 जानेवारी

वाचन. हात लावण्याआधी नावाचा उलगडा करून घ्यायची सवय आहे.

कॅलिग्रामा हेकेली हे नाव 1904 मध्ये योहानेस वाल्थर यांनी दिलं. एकावर एक साचलेले थर एकेकाळी शेजारी शेजारी असलेल्या परिसरांचे असतात, हा भूविज्ञानात पहिल्या वर्षी शिकवला जाणारा नियम ज्यांच्या नावानं ओळखतात तेच हे वाल्थर. एर्न्स्ट हेकेल यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त निघालेल्या गौरवग्रंथात त्यांनी सोल्नहोफेनच्या जीवसृष्टीवर लिहिलं आणि त्यातल्या या कीटकाला हेकेल यांचं नाव दिलं. हेकेल प्राण्यांच्या चित्रांसाठी ओळखले जात, त्यामुळे ही भेट त्यांना नेमकी साजेशी होती. ग्रीकमध्ये ‘कॅलोस’ म्हणजे सौंदर्य आणि ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेली खूण किंवा अक्षर. सुलेखनाला कॅलिग्राफी म्हणतात, तोच हा ‘कॅलि’. पंखावरच्या दाट शिरा बघितल्यावर हे नाव का सुचलं ते विचारावं लागत नाही. दोन वर्षांनी, 1906 मध्ये, आंतोन हांडलिर्श यांनी यावरूनच अख्ख्या कुळाला कॅलिग्रामाटिडी नाव दिलं.

दगडाचीही गंमत आहे. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडक इतका बारीक कणांचा आणि एकसारखा की आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाचं तंत्र शोधलं ते याच दगडावर. तेलकट खडूनं दगडावर चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई फिरवायची. शाई फक्त चित्रालाच धरते. आर्किऑप्टेरिक्स या पिसांच्या आदिपक्ष्याच्या जातीच्या नावातला ‘लिथोग्राफिका’ तिथूनच आला. माणसांनी ज्या दगडावरून चित्रं छापली त्याच दगडात सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी हा पंख उमटून गेला होता. रेघा काढून पोट भरणाऱ्या मला ही गोष्ट दिवसभर पुरली.

8 जानेवारी

पहिलं कच्चं चित्र बाईंना दाखवलं. त्यांनी बरीच वर्षं कीटकशास्त्र शिकवलंय आणि या तक्त्यांची तपासणी त्याच करतात. कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “छान आहे गं. पण तू फुलपाखरू काढलंयस.”

बरोबर होतं त्यांचं. रुंद पंख, मधोमध डोळ्यासारखा ठिपका, केसाळ अंग, लांब सोंड. एवढं वाचलं की हात आपोआप फुलपाखराच्या वळणानं जातो. मिशांना टोकाला गाठी काढल्या होत्या, सोंडेची गुंडाळी केली होती, पंखांत शिरा मोजून दहा-बारा. यातलं एकही जीवाश्मातून आलेलं नव्हतं.

“बाई, मग सुरुवात कुठून करू?”

“पंखापासून. डोळा विसर, सोंड विसर. आधी जिवंत जाळीपंखी बघ, मग दगड बघ.”

कच्चं चित्र फाडलं नाही. भिंतीवर लावलंय, काय काढायचं नाही ते समोर राहावं म्हणून.

11 जानेवारी

सूक्ष्मदर्शकाखाली क्रायसोपाचा पंख. शेतीच्या पुस्तकात मावा खाणारा मित्रकीटक म्हणून भेटतो तोच, हिरवा, नाजूक, सोनेरी डोळ्यांचा. मेलेला नमुना संग्रहात होता. दोन काचपट्ट्यांमध्ये पंख ठेवला आणि तीन तास नुसता बघितला.

टिपून ठेवलेलं:

पंखाच्या पुढच्या कडेला समांतर दोन जाड शिरा पळतात. कड आणि त्यातली पहिली शीर यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडशिरा, एकामागून एक, मुळापासून जवळजवळ टोकापर्यंत. फुलपाखराच्या पंखात ही शिडी नसतेच.

शिरा बाहेरच्या कडेला पोचता पोचता दुभंगतात. एकीच्या दोन होतात, कुठे दोनाच्या चार. झाडाच्या फांदीला शेवटी डहाळ्या फुटाव्यात तसं. फुलपाखरात बहुतेक शिरा सरळ कडेपर्यंत जाऊन थांबतात.

पंख सपाट नाही. घड्या घातलेल्या कागदासारखा आहे: एक शीर उंचवट्यावर, पुढची खोलगटात. कडेजवळची पहिली, म्हणजे सबकोस्टा, खोलगटात. तिच्या मागची रेडियस उंचवट्यावर. अशा घड्यांमुळेच इतका पातळ पडदा उडताना दुमडत नाही.

शिरांवर बारीक केस.

बाईंचा संध्याकाळचा सल्ला: क्रायसोपाच्या मधल्या शिरा फार बदललेल्या आहेत, तुकडे जोडून नागमोडी खोट्या शिरा तयार झाल्यात, त्यामुळे मधल्या भागासाठी त्याचा आधार घेऊ नकोस. रुंद पंखांचे सायकॉप्सिडी, म्हणजे जाळीपंखींचंच दुसरं कुळ, बघ. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि आशियाच्या काही भागांत ते अजून आहेत, आणि कॅलिग्रामाच्या पंखाची ठेवण त्यांच्या बरीच जवळ जाते.

12 जानेवारी

सायकॉप्सिडींच्या पंखांच्या चार आकृत्या गिरवल्या. हाताला वळण लागतंय.

15 ते 18 जानेवारी

ट्रेसिंग. लाइटबॉक्सवर छायाचित्राची मोठी प्रत, वर ट्रेसिंग कागद, 0.1 चं पेन. चार दिवसांत पुढच्या कडेपासून पंखाच्या मध्यापर्यंत आले. शिरा इतक्या दाट आहेत की श्वास धरून काढाव्या लागतात. दोन उभ्या शिरांमधल्या आडशिरा मोजायला गेलं की डोळे थकून दोनदा वेगवेगळा आकडा येतो, म्हणून टाचणीच्या टोकानं एकेक रकाना मोजते आणि कडेला पेन्सिलनं खूण करते.

19 जानेवारी

चार दिवसांचं काम चुकलं.

रेडियस कुठली हे ठरवताना मी उंचवटा शोधला आणि त्यावरून पुढच्या सगळ्या शिरांना नावं देत गेले. आज बाजूला ठेवलेली दुसरी प्रत हातात आली आणि तिच्यात तीच शीर खोलगट दिसली. दगडावर प्रकाश कुठून पडलाय ते मी तपासलंच नव्हतं. आपला डोळा धरून चालतो की उजेड वरून येतो. छायाचित्रात तो खालून आला असेल तर डोंगर दरी होतो आणि दरी डोंगर. त्यात भर म्हणजे दगड फुटून दोन पाट्या होतात, एकीवर ठसा आणि दुसरीवर उलटा ठसा. कुठली पाटी समोर आहे हे कळलं नाही तर पुन्हा तोच घोटाळा.

मी सबकोस्टाला रेडियस समजले होते. एका घराची चूक, म्हणून मागची प्रत्येक शीर एका घरानं सरकली. नावं सोडली तर रेघा बरोबर होत्या, पण फाटे कुठल्या शिरेला फुटतात हे त्या नावांवरूनच ठरवलं होतं. म्हणजे रेघांवरही भरवसा नाही. सगळा कागद बाजूला ठेवला.

20 जानेवारी

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी आधी शोधली ती कडेची शिडी. शिडीच्या आतली बाजू म्हणजे सबकोस्टा. मग उजेड कुठूनही येवो. शिडी उंचखोलावर अवलंबून नाही, हे 11 तारखेलाच सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. छायाचित्राच्या कोपऱ्यात उजेडाच्या दिशेचा बाण काढून ठेवला. यापुढे प्रत्येक प्रतीवर हा बाण आधी, पेन नंतर.

23 जानेवारी

पंख पूर्ण. कडेच्या डहाळ्यांसकट. मागच्या कडेचा काही भाग तुटक रेघेत आहे.

बाईंनी कागद उजेडात धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आता जाळीपंखी झाला.” रात्री जेवायचं भान राहिलं नाही इतका आनंद झाला.

24 जानेवारी

डोळ्याचा ठिपका. या कुळातल्या बऱ्याच जीवाश्मांच्या पंखांवर तो आहे: मध्ये गडद तबकडी, भोवती फिकी-गडद कडी. अशा ठिपक्याची खूप चांगली नोंद चीनमधल्या ओरेग्रामा इलेसेब्रोसा या जातीची आहे. लिओनिंगच्या यिक्सियन थरांतली, सुमारे 12.5 कोटी वर्षं जुनी. ‘इलेसेब्रोसा’ म्हणजे भुरळ घालणारी. तिच्या शेजारी आजच्या घुबड-फुलपाखराचा, कॅलिगोचा, पंख ठेवला तर दोन्ही एकाच हातानं रंगवल्यासारखे वाटतात.

पण जाळीपंखी आणि फुलपाखरं यांचा समान पूर्वज 30 कोटी वर्षांहून मागे जातो, आणि त्याच्या अंगावर असलं काहीच नसणार. दिवसा उडणारी खरी फुलपाखरं पतंगांमधून वेगळी झाली ती साधारण 10 कोटी वर्षांपूर्वी, असं सध्याचं आनुवंशिक गणित सांगतं. या कुळाचे सर्वात जुने जीवाश्म इनर मंगोलियातल्या दाओहुगोउचे, सुमारे 16.5 कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे ठिपका आधी यांच्या पंखावर आला, यांच्याबरोबर गेला, आणि फार नंतर दुसऱ्याच वंशात पुन्हा नव्यानं उमटला. भिंतीवरच्या कच्च्या चित्रात मी कॅलिग्रामाला फुलपाखराची नक्कल करायला लावली होती. काळाच्या हिशेबात ते शक्यच नव्हतं.

लॅबांडेरा आणि सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास यासाठी तीनदा वाचला. ठिपक्याच्या मधल्या तबकडीत युमेलॅनिनचे अवशेष सापडले. केसांना काळेपणा देतं तेच द्रव्य. पंखांवर खवलेही होते. खवले म्हणजे चपटे झालेले केस, आणि केस तर 11 तारखेला क्रायसोपाच्या शिरांवर दिसलेच होते. कच्चा माल सगळ्याच कीटकांकडे आहे. चपटा करून वापरण्याचं काम दोन वंशांनी वेगवेगळं केलं.

रंगाचा निर्णय याच नोंदीत करून टाकते. गडद कुठे आणि फिकं कुठे, एवढं जीवाश्म सांगतो. मधला भाग काळसर होता याला रासायनिक पुरावा आहे. बाकी निळा, तांबडा, पिवळा यांतलं काही होतं का, याला पुरावा नाही. म्हणून चित्र काळ्या शाईतच. छापणाऱ्यांनी ‘मुलांना आवडेल असं थोडं रंगीत’ मागितलं होतं. त्यांना आज सविस्तर पत्र लिहिलं, नियमाच्या पानाची प्रत जोडून.

25 जानेवारी

ठिपके. फक्त ठिपके. मधली तबकडी दाट, पहिलं कडं जवळजवळ कोरं. मनगट दुखलं.

28 जानेवारी

डोकं. इथे तुटक रेघेचं राज्य, कारण या कुळाची मुखांगं नीट अभ्यासली गेली ती चीनमधल्या जीवाश्मांवर आणि म्यानमारच्या अंबरातल्या, म्हणजे झाडांच्या दगड झालेल्या राळेतल्या, नमुन्यांवर.

आजचे बहुतेक प्रौढ जाळीपंखी जबड्यानं चावतात. कॅलिग्रामाच्या कुळात मात्र लांब नळीसारखी सोंड होती, द्रव शोषायची. फुलपाखरासारखी घड्याळाच्या कमानीगत गुंडाळलेली नव्हे, सरळ. गुंडाळी खोडून सरळ रेघ काढली तेव्हा चेहराच बदलला. मिशाही साध्या दोऱ्यासारख्या केल्या, टोकाच्या गाठी गेल्या.

ही सोंड कशासाठी होती, याचा शोध मला या अख्ख्या कामातला सर्वात सुंदर भाग वाटतो. त्या काळात आजच्यासारखी फुलं जवळपास नव्हती. पण सूचिपर्णी, सायकस, बेनेटायटेलीझ अशा उघड्या बीजांच्या झाडांमध्ये बीजांडाच्या तोंडाशी एक थेंब येतो. परागणाचा थेंब. वाऱ्यानं आलेला पराग त्यात अडकतो आणि थेंब आटताना आत ओढला जातो. या थेंबात साखर असते. साखर आहे तिथे पिणारा येणारच. बेनेटायटेलीझची प्रजननांगं तर फुलासारखी, भोवती पाकळ्यांसारखी आवरणं आणि आत खोल बीजांडं. तिथवर पोचायला लांब सोंडच हवी. चीनमधल्या एका नमुन्याच्या तोंडाजवळ उघड्या बीजांच्या झाडाचा परागही मिळाला आहे. फुलांच्या आधी मधासाठी फिरणारे कीटक होते आणि त्यांना पाजणारी झाडं होती, हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी वनस्पतिशास्त्र सोडलं नसतं.

30 जानेवारी

पार्श्वभूमीत झाड ठेवायचा मोह झाला. कॅलिग्रामा बेनेटायटेलीझच्या ‘फुला’वर बसलेला, सोंड आत. झाडाचं पूर्ण रूप समजायला पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल साहनी यांची विल्यमसोनिया सेवार्डियाना ही बेनेटायटेलीझ गटातली जात बघितली, राजमहाल टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून 1932 मध्ये वर्णन केलेली. आखूड, पानांच्या खुणांनी भरलेलं खोड आणि माथ्यावर पिसांसारख्या पानांचा झुबका. पूर्ण झाड उभं करण्याचं इतकं नेटकं काम क्वचित दिसतं. दोन तास त्या खोडाच्या खुणाच गिरवत बसले.

मग नियमाचं पान काढलं. राजमहालच्या टेकड्या वेगळ्या, काळ वेगळा, आणि तिथे कॅलिग्रामा मिळालेला नाही. सोल्नहोफेनच्या पाटीवर कीटक आहे, तो कुठल्या झाडावर बसायचा याची नोंद नाही. कुळाबद्दलचं अनुमान मजबूत आहे, पण या एका जातीला एका विशिष्ट झाडावर बसवणं म्हणजे दोन अंदाज एकमेकांवर रचणं. झाड काढून टाकलं. गिरवलेलं खोड वहीत ठेवते, वनस्पतींचा तक्ता निघाला तर त्याची जागा तिथे आहे.

2 फेब्रुवारी

बसण्याची ढब. पाटीवर पंख पसरलेले असले तरी जिवंतपणी तो तसाच बसायचा असं नाही. सोल्नहोफेनची जागा म्हणजे उथळ, खारट, तळाशी प्राणवायू जवळपास नसलेली खारकच्छं. जमिनीवरचे कीटक वाऱ्यानं पाण्यावर यायचे, भिजायचे, बुडायचे. बारीक चुन्याच्या गाळात पडल्यावर पंखांची जी स्थिती झाली ती झाली. आजचे जाळीपंखी बसले की पंख छपरासारखे पाठीवर उतरते ठेवतात. कॅलिग्रामानं तसं केलं असेल तर बसलेला असताना ठिपके बाजूंनी दिसत असणार.

तक्त्यात मात्र पंख पसरलेलेच ठेवते, टाचणी लावलेल्या नमुन्यासारखे. ती ढब असल्याचा दावा करत नाही, सगळं बघता यावं म्हणून केलेली मांडणी आहे. चित्राखाली तसं लिहायचं.

4 फेब्रुवारी

प्रमाणपट्टी. ती नसेल तर बघणाऱ्याला हा कीटक क्रायसोपाएवढाच वाटेल, तर या कुळातल्या मोठ्या जातींचा नुसता पुढचा पंख 10 सेंमीच्या पुढे जातो. ब्राझीलच्या क्रातो थरातल्या माकार्किनिया कर्नेरीचा पुढचा पंख सुमारे 14 ते 16 सेंमी असावा असा अंदाज आहे. पूर्ण पंख मिळालेला नाही. पट्टीवर 14 सेंमी मोजून त्याच्याशेजारी हात ठेवला. माझ्या तळहातासह अख्ख्या बोटांपर्यंत आला.

6 फेब्रुवारी

मजकुराची चौकट, साठ शब्दांची मर्यादा. नामशेष होण्याबद्दल काय लिहावं यावर अडले. म्यानमारच्या सुमारे 9.9 कोटी वर्षांच्या अंबरात हे कुळ आहे, आणि चांगलं विविधही: लहान पंखांचे, मोठ्या पंखांचे, वेगवेगळ्या लांबीच्या सोंडांचे. त्यानंतर माग लागत नाही. त्याच सुमारास सपुष्प वनस्पती पसरत होत्या आणि बेनेटायटेलीझ मागे पडत होत्या. ज्यांचा थेंब प्यायचा तीच झाडं विरळ झाली, हा दुवा पटण्यासारखा आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. चौकटीत लिहिलं: ‘ज्या झाडांवर ते अवलंबून होते असं मानलं जातं, ती झाडंही याच काळात कमी होत गेली.’ बाईंनी ‘असं मानलं जातं’ खाली रेघ मारली आणि शेजारी बरोबरची खूण केली.

9 फेब्रुवारी

शेवटची शाई. आधी पंखाची कड, मग उभ्या शिरा, मग आडशिरा, मग ठिपके. शरीरावरचे केस सर्वात शेवटी. मागचे पंख जवळजवळ सगळे तुटक रेघेत गेले. पहिल्यांदा ते मनाला लागलं, चित्र अपुरं वाटलं. दुपारी पुन्हा बघितलं तेव्हा डोळा सलग रेघेपासून तुटक रेघेकडे जात होता आणि कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं.

छापणाऱ्यांचं उत्तर आलं. काळ्या शाईला हरकत नाही, पण तुटक रेघा ‘छपाईतली चूक वाटतील’, म्हणून सलग करता येतील का, असं विचारलंय. नाही म्हणून कळवलं आणि चौकटीतले सहा शब्द कमी करून खुलाशाची एक ओळ बसवली: ‘सलग रेघ: जीवाश्मात दिसते. तुटक रेघ: नातेवाइकांवरून.’

10 फेब्रुवारी

नाव लिहिलं. कॅलिग्रामा हेकेली, वाल्थर, 1904. प्रमाणपट्टी, उजेडाच्या दिशेचा बाण, खुलाशाची ओळ. स्कॅन करून पाठवलं. भिंतीवरचं 8 जानेवारीचं फुलपाखरू काढून पाकिटात घातलं, मागे तारीख टाकली.

सूक्ष्मदर्शकाखालचा क्रायसोपाचा पंख अजून पट्टीवरच होता. संग्रहात परत ठेवण्याआधी कडेची शिडी पुन्हा एकदा मुळापासून टोकापर्यंत मोजली.